वाटी उलटी करून पाहावी

गुडघ्याच्या पुढच्या हाडाला डॉक्टर पटेला म्हणतात आणि मराठी माणूस गुडघ्याची वाटी म्हणतो. दोन्ही नावं एकाच आकारावरून आली आहेत. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटी, उथळ थाळी. लिनियसने १७५८ साली खडकाला चिकटून राहणाऱ्या एका समुद्री गोगलगायीला हेच नाव दिलं, पटेला वल्गाटा. वल्गाटा म्हणजे सर्वसामान्य, जिकडेतिकडे आढळणारी. या कुळातल्या गोगलगायींना इंग्रजीत लिम्पेट म्हणतात. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभं राहिलं की करड्या, खरबरीत अशा हजारो वाट्या खडकांवर पालथ्या घातल्यासारख्या दिसतात. चार पावलांवरून पाहिलं तर एकीत आणि दुसरीत काही फरक वाटत नाही.

फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या किनाऱ्यावर, हाताच्या अंतरात या लिम्पेटच्या तीन जाती राहतात. पहिली वल्गाटा. दुसरी पटेला डिप्रेसा, म्हणजे चपटी. तिसरी पटेला उलिसिपोनेन्सिस. तिचं उच्चारायला अवघड नाव लिस्बन शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून आलं आहे. या तिघींना वेगळं ओळखणं हे समुद्राच्या बदलाची नोंद ठेवण्याचं एक फार जुनं आणि भरवशाचं साधन ठरलं आहे. हे साधन ज्या कौशल्यावर उभं आहे, ते कौशल्य शिकवण्याकडे जगभरातल्या विद्यापीठांनी पाठ फिरवू नये, आणि कोकणासारख्या खडकाळ किनाऱ्याच्या प्रदेशाने तर मुळीच फिरवू नये.

शिंपल्यापासून सुरुवात करू, कारण नवखा माणूसही तिथूनच सुरुवात करतो. वल्गाटाचं कवच मोठं होतं, सहा सेंटिमीटरपर्यंत जातं. शेंड्यापासून कडेपर्यंत जाडसर कंगोरे, बाहेरून करडा-पांढरा रंग, आतून हिरवट-करडी झाक. डिप्रेसा सहसा चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, बसकी असते आणि तिच्या कवचाच्या आतल्या कडेला गडद पट्ट्यांची नक्षी दिसते. उलिसिपोनेन्सिसचे कंगोरे बारीक आणि टोकदार असतात, कड करवतीसारखी दातेरी लागते आणि आतला भाग चिनी मातीच्या बशीसारखा पांढराशुभ्र, मध्यभागी फिकट नारिंगी डागाचा असतो.

पुस्तकात हे वाचायला सोपं वाटतं. खडकावर ते कोलमडतं. लिम्पेटचं कवच जातीप्रमाणे घडतं तसंच ती जिथे राहते त्या जागेप्रमाणेही घडतं. भरतीरेषेजवळ, वरच्या बाजूला राहणारी वल्गाटा तासन् तास पाण्याबाहेर असते. अंगातलं पाणी टिकवण्यासाठी ती स्नायू आवळून खडकाला घट्ट दाबून बसते. त्या आवळण्याने कवच तयार करणारी मांसल कड आत ओढली जाते, कवच रुंदीत वाढण्याऐवजी उंचीत वाढतं आणि शंकूसारखं उभं होतं. तीच जात खाली, सतत ओल्या राहणाऱ्या डबक्यात वाढली तर चपटी राहते. चपटेपणा पाहून तिला डिप्रेसा म्हणणारा माणूस फसतो. वयस्कर लिम्पेटचे कंगोरे लाटांनी झिजलेले असतात, काहींच्या पाठीवर बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचधारी जिवांची वस्ती असते, आणि अगदी लहान पिल्लांमध्ये तिन्ही जाती जवळपास सारख्या दिसतात. केवळ वरून पाहून केलेल्या ओळखीवर विश्वास ठेवू नये, हा या विषयातला पहिला धडा आहे.

म्हणून जाणकार माणूस कवचावर थांबत नाही, तो जीव पाहतो. लिम्पेट बेसावध असताना तिला बाजूने एक झटकन धक्का दिला तर ती सुटते. दुसऱ्या धक्क्याची वेळ आली तर मात्र हात टेकावे लागतात, कारण तोवर तिने खडक धरलेला असतो. उलटी केलेली लिम्पेट तळहातावर घेतली की मधे मांसल पाय दिसतो आणि त्याच्याभोवती कवचाच्या कडेने बारीक स्पर्शिकांची झालर. उत्तर या दोन ठिकाणी असतं. वल्गाटाचा पाय पिवळसर किंवा शेवाळी करडा, आणि झालरीच्या स्पर्शिका इतक्या पारदर्शक की शोधाव्या लागतात. डिप्रेसाचा पाय काळपट, आणि त्याभोवतीच्या स्पर्शिका खडूने ठिपके काढावेत तशा पांढऱ्या. काळ्यावर पांढरं असल्यामुळे ती एकदा पाहिली की विसरत नाही. उलिसिपोनेन्सिसचा पाय जर्दाळूच्या रंगाचा आणि स्पर्शिका सायीसारख्या. ही जात शक्यतो खालच्या भागात आणि गुलाबी चुनखडी शैवालाने मढलेल्या डबक्यांत राहते, त्यामुळे जागा हीसुद्धा एक खूण ठरते. पाहून झालं की लिम्पेट तिच्याच जागी, तिच्याच खुणेवर परत ठेवायची असते. हा शिष्टाचार नाही, गरज आहे. प्रत्येक लिम्पेटच्या कवचाची कड तिच्या ठरलेल्या जागेच्या खडकाला तंतोतंत जुळलेली असते. भरतीत ती शेवाळ खरवडायला बाहेर पडते आणि ओहोटीआधी त्याच जागी परतते. दुसरीकडे ठेवलेली लिम्पेट खडकाला नीट बसत नाही आणि उन्हात वाळण्याचा धोका वाढतो.

तरीही शंका उरली तर सूक्ष्मदर्शकाखाली दातांची पट्टी पाहतात. लिम्पेटची जीभ ही बारीक दातांच्या ओळींची लांब फीत असते, कानशीसारखी, आणि या तीन जातींत काही दातांची ठेवण वेगळी असते. हे दात साधेसुधे नव्हेत. त्यांत गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे तंतू असतात. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वल्गाटाच्या दातांची ताणशक्ती मोजली तेव्हा ती ३ ते ६.५ गिगापास्कलच्या दरम्यान भरली. त्या वेळेपर्यंत मोजलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा ती जास्त होती, कोळ्याच्या धाग्यापेक्षाही. खडक खरवडून पोट भरणाऱ्या जिवाला असेच दात हवेत.

आणि या खरवडण्यावर सगळ्या किनाऱ्याचं रूप अवलंबून असतं. १९४० च्या दशकात आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर खडकाच्या एका रुंद पट्ट्यावरून लिम्पेट काढून टाकण्यात आल्या. थोड्याच काळात उघडा खडक दाट शैवालाखाली गेला. वीस-एक वर्षांनी हाच प्रयोग कोणाचीही इच्छा नसताना प्रचंड प्रमाणावर घडला. १८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या मधल्या सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळलं. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल होतं. किनारा साफ करण्यासाठी हजारो टन डिटर्जंट फवारण्यात आलं. त्या डिटर्जंटने तेलापेक्षा जास्त घात केला. लिम्पेट मेल्या, खडक आधी हिरवे झाले, मग तपकिरी शैवालाने झाकले गेले. काही ठिकाणी किनारा पूर्ववत व्हायला दहा-पंधरा वर्षं लागली. प्लिमथच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे सगळं टिपून ठेवलं, म्हणून आज ते सांगता येतं.

प्लिमथची मरीन बायोलॉजिकल असोसिएशन १८८४ मध्ये स्थापन झाली. तिथे अॅलन साउथवर्ड यांनी १९५० च्या दशकापासून त्याच त्या खडकांवर जाऊन बार्नॅकल आणि लिम्पेट मोजण्याची परंपरा उभी केली. पुढे स्टीव्ह हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चालू ठेवली. या कामात जातींचा फरक हा सगळा मुद्दाच आहे. वल्गाटा थंड पाण्याची. तिचा विस्तार नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंत. डिप्रेसा उबदार पाण्याची. ब्रिटनमध्ये ती दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरच सापडते, उत्तरेला वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ तिची सीमा संपते, आणि शेजारच्या आयर्लंडमध्ये ती नाहीच. म्हणजे एकाच खडकावर दोन हवामानांचे प्रतिनिधी शेजारी शेजारी बसलेले. समुद्र तापला की उबदार पाण्याची जात वाढावी आणि थंड पाण्याची मागे हटावी, हा अंदाज पडताळायला यापेक्षा चांगली जागा सापडणं कठीण.

अंदाज खरा ठरत गेला. नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये डिप्रेसाचं प्रमाण वाढलं. डिप्रेसा उन्हाळ्यात प्रजनन करते. तिचा हंगाम आता जुन्या नोंदींपेक्षा लवकर सुरू होतो आणि लांबला आहे. वल्गाटा शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या तोंडावर प्रजनन करते, आणि तिच्यात पूर्ण पक्व न होणाऱ्या माद्या-नरांचं प्रमाण वाढल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. इथे थांबून विचार करायला हवा. पन्नास वर्षांपूर्वी खडकावर वाकून बसलेल्या माणसाने दोन्ही जातींना नुसतं लिम्पेट असं लिहून ठेवलं असतं, तर आजच्या अभ्यासकाला एकूण आकडा मिळाला असता आणि तो आकडा फारसा हललेला दिसलाच नसता. एक जात वाढत होती, दुसरी अडचणीत येत होती, आणि बेरजेत दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकत होत्या.

या दोघींच्या वागण्यातही फरक आहे. वल्गाटा तपकिरी शैवालाच्या झुबक्याखाली आसऱ्याला जमते. डिप्रेसाला उघडा खडक जास्त मानवतो. एकीची जागा दुसरीने घेतली म्हणजे किनाऱ्याचं काम तसंच चालू राहील, असं गृहीत धरता येत नाही.

आणखी एक अडचण नावांची. जुन्या ब्रिटिश नोंदींत डिप्रेसाला पटेला इंटरमीडिया म्हटलेलं सापडतं आणि उलिसिपोनेन्सिसला पटेला अॅस्पेरा. नाव बदललं म्हणून जात बदलली नाही, पण हे ठाऊक नसलेला विद्यार्थी जुनी वही उघडून इंटरमीडिया नामशेष झाली असा निष्कर्ष काढू शकतो. जिवाचं वर्णन नोंदीत असेल, पाय काळपट आणि स्पर्शिका पांढऱ्या एवढं जरी लिहिलेलं असेल, तर नाव बदलूनही नोंद वाया जात नाही. शतकभरानंतरही वाचता येईल अशी भाषा म्हणजे वर्णनाची भाषा.

हे सगळं आता डीएनएने होईल, मग पाय आणि स्पर्शिका कशाला पाहायच्या, असा प्रश्न प्राणिशास्त्राचे तरुण विद्यार्थी विचारतात. तो रास्त आहे. काही ठिकाणी डोळा खरोखरच हरतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लॉटिया डिजिटॅलिस या नावाची लिम्पेट ही एकच जात आहे असं फार काळ समजलं जात होतं. १९७८ मध्ये प्रथिनांच्या तपासणीतून तिच्यात दडलेली दुसरी जात वेगळी काढण्यात आली, लॉटिया ऑस्ट्रोडिजिटॅलिस. दोघी इतक्या सारख्या दिसतात की केवळ दिसण्यावरून त्यांचा निवाडा करणं धोक्याचं आहे. पुढे दक्षिणेकडची ही जात उत्तरेला सरकत असल्याचं आढळलं, आणि ते जनुकीय खुणांशिवाय कळलंच नसतं. तेव्हा डीएनएचं महत्त्व नाकारण्यात अर्थ नाही. पण एका चौरस मीटरमध्ये शंभर लिम्पेट असतात, एका किनाऱ्यावर लाखो, आणि भरती परत येईपर्यंत हाताशी दोन-तीन तास. प्रत्येकीच्या मांसाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवणं शक्य नाही, आणि इष्ट तर मुळीच नाही. मोजणी डोळ्यानेच होणार. डीएनए डोळ्याला सांगतं की अमुक खूण भरवशाची आहे आणि तमुक फसवी. कोणत्या दोन प्राण्यांबद्दल शंका घ्यायची, हे मात्र आधी डोळ्याने डीएनएला सांगावं लागतं.

हा विषय महाराष्ट्राच्याही जवळचा आहे. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी या गृहस्थांनी मुंबई परिसरात शिंपले गोळा केले आणि जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी त्यांतल्या नव्या जातींची वर्णनं १८९३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीचं नाव सायफोनेरिया बॅसिनेन्सिस. बॅसीन म्हणजे वसई. वसईचं नाव शास्त्रात कायमचं कोरणारा हा जीव लिम्पेटसारखाच दिसतो, खडकाला तसाच चिकटतो, पण तो खरी लिम्पेट नाही. त्याचं नातं जमिनीवरच्या फुप्फुसवाल्या गोगलगायींशी जवळचं आहे. आकार मात्र तोच, कारण लाटांच्या माऱ्यात तगून राहायला पालथ्या वाटीचा आकार फार सोयीचा आहे आणि गोगलगायींच्या वेगवेगळ्या वंशांत तो स्वतंत्रपणे घडला आहे.

कोकणच्या काळ्या कातळावर खऱ्या लिम्पेट आहेत त्या सेलाना या वंशातल्या. सेलाना आणि सायफोनेरिया वेगळ्या ओळखण्यासाठी एकाही जिवंत प्राण्याला उपटावं लागत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. वाळूत पडलेला रिकामा शिंपला पुरतो. तो उलटा करून आतून पाहिला की स्नायू जिथे चिकटलेला होता त्याची घोड्याच्या नालेसारखी खूण दिसते. सेलानामध्ये त्या नालेचं तोंड पुढे, डोक्याच्या बाजूला उघडं असतं. सायफोनेरियामध्ये खूण उजव्या बाजूला तुटलेली असते आणि तिथेच कवचात एक पन्हळ कडेपर्यंत गेलेली दिसते. श्वासाची हवा आणि पाणी त्या पन्हळीतून आतबाहेर जातं. पन्हळीमुळे कवचाची उजवी कड जराशी फुगून बाहेर आलेली असते, म्हणजे नजर बसल्यावर ही खूण वरूनही ओळखू येते. सेलानाच्या आतल्या भागाला चांदीसारखी चकाकी असते. जिवंत प्राणी पाहायला मिळाला तर सेलानाच्या डोक्यावर दोन स्पर्शिका दिसतात. सायफोनेरियाच्या डोक्यावर त्या नसतात, नुसती पसरट, दुभंगलेली पाळ असते.

सायफोनेरियाच्या आतल्या आत मात्र गुंता मोठा आहे. या वंशातल्या जाती कवचावरून ओळखणं जगभर कठीण गेलं आहे, आणि हिंद-प्रशांत महासागरातल्या नमुन्यांच्या अलीकडच्या फेरतपासणीत दिसायला सारख्या पण जनुकांनी वेगळ्या अशा पुष्कळ जाती उघड झाल्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोणत्याही किनाऱ्यावर फोटो काढून त्याला झटकन जातीचं नाव देणं योग्य नाही. वंशापर्यंत ओळख पक्की करणं आणि पुढचं राखून ठेवणं, हाच प्रामाणिक मार्ग आहे.

इथेच एक मागणी ठामपणे मांडायला हवी. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी सामान्य माणसांना खडकांवर नेऊन समुद्री जीव दाखवण्याची सवय लावली, आणि लोकांनी काढलेले फोटो नोंद म्हणून ठेवले जाऊ लागले. हे काम मोलाचं आहे. त्याच्या जोडीला आता मराठीत एक छोटी ओळखपुस्तिका हवी, खिशात मावणारी आणि पाण्याने न भिजणारी. वरून काढलेल्या एका फोटोवर समाधान न मानता बाजूने उंची, आतून खूण आणि किनाऱ्याच्या कोणत्या पट्ट्यात सापडली ते कसं नोंदवायचं, हे तिने शिकवावं. रत्नागिरी, हरिहरेश्वर, मुरूड, मालवण इथल्या महाविद्यालयांनी आपापला एक खडक ठरवावा आणि दर वर्षी त्याच महिन्यातल्या उधाणाच्या ओहोटीला त्याच चौकटीत मोजणी करावी. खर्च जवळपास शून्य. एक चौकट, एक वही, आणि ओळख पटलेली चार माणसं. प्लिमथची सुरुवातही यापेक्षा फार मोठ्या सामग्रीने झालेली नव्हती.

कोकणाला हे अवघड जाऊ नये. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवं अशी शिंपल्यांची वेगवेगळी नावं ज्या किनाऱ्यावर घरोघर वापरली जातात, तिथल्या बाईला टोपलीतला एखादा वेगळा शिंपला हाताला लागताच कळतो. तो डोळा, तो हात प्रयोगशाळेच्या आधीचा आहे. मोजणीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी कालवं काढणाऱ्या बायकांना सोबत घ्यावं आणि नोंदवहीत त्यांची नावं सहकारी म्हणून लिहावीत. कोणत्या कातळावर काय कमी झालं आणि काय नव्याने दिसू लागलं, हे त्यांना बहुधा सर्वांआधी ठाऊक असतं.

वसईच्या किनाऱ्यावर पुढच्या अमावास्येला ओहोटी लागेल तेव्हा खडकाच्या ओल्या खाचेत पारदर्शक जेलीची वेटोळी कदाचित दिसतील. सायफोनेरियाच्या बऱ्याच जाती अंडी अशी फितीत घालतात आणि खडकाला चिकटवून ठेवतात. खऱ्या लिम्पेट तसं करत नाहीत, त्या अंडी थेट पाण्यात सोडून देतात. जवळपासच्या वाट्यांची उजवी कड तेवढ्यात तपासून पाहता येईल.